रेडिएटरच्या पंख्याला फायबरचे श्राउड

नवा इलेक्ट्रिक पंखा बसवूनही इंजिन तापते, अशी तक्रार घेऊन गिऱ्हाईक परत येते. दोष बहुधा पंख्याचा नसतो. 24 बाय 16 इंचांची जाळी 384 चौरस इंच भरते. तिला चिकटवलेला 12 इंची पंखा जेमतेम 113 चौरस इंचांतून हवा ओढतो. मागे श्राउड, म्हणजे बंद कव्हर असेल तर साऱ्या जाळीतून हवा येते.

आम्ही प्लायवूडचा साचा करतो. थर्माकोल रेझिनने विरघळतो. साच्याला मेणपॉलिश लावून फायबर मॅटचे तीन थर द्यावेत. पंखा जाळीपासून दीड-दोन इंच दूर राहावा. रेझिन उष्णता सोसणारेच मागावे. साधे मऊ पडून वाकते. कडेला रबरपट्टी लावावी, फट राहिली की मेहनत वाया.

एक किलो रेझिनला हार्डनर 10 ते 20 ग्रॅम. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळावा, मगच हार्डनर घालावा. दोन्ही थेट एकत्र आले तर भडका उडतो. कारागीर बंधूंनी हे काम शिकाऊ पोरावर सोडू नये. गिऱ्हाईकाची गाडी अमानत आहे, तसेच ते पोरही.