पोथीची मंडळी : सहवाचनाच्या आनंदाचे स्वरूप

मराठीतील 'वाचणे' हे क्रियापद 'वाच्' म्हणजे वाणी या शब्दाशी नाते सांगते. मुळात वाचणे म्हणजे लिहिलेल्या अक्षराला बोलावयास लावणे होय. आज वाचन म्हटले की एकांतात, ओठ न हलवता चाललेली क्रिया मनात येते. परंतु हा अर्थ मराठी समाजात रूढ होऊन फार काळ लोटलेला नाही. त्यापूर्वी कित्येक शतके ग्रंथ हा बहुधा एकाने वाचावयाचा व अनेकांनी ऐकावयाचा असे. या सहवाचनातील आनंदाचे श्रेय सामान्यतः भक्तिभावाला दिले जाते. भक्तिभाव तेथे होताच. पण त्या आनंदाचा मोठा भाग ग्रंथाच्या घडणीतून व मंडळीच्या व्यवहारातून निर्माण होत असे. तो कसा, हे येथे थोडक्यात पाहावयाचे आहे.

चातुर्मासात, विशेषतः श्रावणात, देवळात किंवा एखाद्या घरच्या ओसरीवर पोथी 'लावण्याची' चाल महाराष्ट्रात सर्वपरिचित आहे. श्रीधराचे हरिविजय, रामविजय व पांडवप्रताप, महीपतीचा भक्तिविजय हे या मंडळींचे आवडते ग्रंथ. एक जण ओव्या चालीवर वाचतो. तोच किंवा दुसरा कोणी अर्थ सांगतो. बाकीचे ऐकतात, मान डोलावतात, मध्येच काही विचारतात. अध्याय संपला की आरती होते आणि पोथी पुन्हा रुमालात बांधली जाते.

या आनंदाचे पहिले कारण ओवीच्या रचनेत आहे. ग्रंथांतील ओवीचे पहिले तीन चरण यमकाने बांधलेले असतात आणि चौथा बहुधा आखूड व यमकावाचून मोकळा असतो. तीन चरणांत वाढत गेलेली अपेक्षा चौथ्यात विसावते, आणि त्या विसाव्याच्या जागी अर्थ सांगणाऱ्याला बोलण्यास वाव मिळतो. एकट्याने मनात वाचणाऱ्याला ही जागा जाणवतही नाही. शिवाय जात्यावरच्या ओवीमुळे हा शब्द स्त्रियांच्या कानांना आधीपासून ओळखीचा होता. पोथीची भाषा कळण्यापूर्वीच तिचा ठेका त्यांना आपला वाटे.

दुसरे कारण विलंबाचे. पांडवप्रतापाचे अध्याय 64, भक्तिविजयाचे 57, रामविजयाचे 40 आणि हरिविजयाचे 36. रोज एक अध्याय म्हटला तरी ग्रंथ महिना-दोन महिने पुरतो. कथा बहुतेकांना ठाऊक असते. तरीही आजचा अध्याय जेथे थांबला तेथे सर्वांनाच एकदम थांबावे लागते. कोणालाही पुढची पाने उलटून पाहता येत नाहीत. दुसऱ्या दिवसापर्यंत तो प्रसंग विहिरीवर, शेतात, स्वयंपाकघरात बोलण्याचा विषय होतो. पुढील अध्यायाच्या आरंभी कवी अनेकदा गत अध्यायाचे अनुसंधान देतो, ते काल न आलेल्या श्रोत्याची सोय पाहूनच. ग्रंथकर्त्याने मंडळी गृहीत धरली आहे, याचा हा उघड पुरावा होय. ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायाचा आरंभ श्रोत्यांकडे अवधान मागण्याने होतो आणि दासबोधात श्रवणनिरूपणाला स्वतंत्र समास दिला आहे, हेही येथे ध्यानात घ्यावे.

तिसरे व सर्वांत महत्त्वाचे कारण म्हणजे शंका. श्रोता वाचकाला थांबवू शकतो. द्रौपदीला पणाला लावण्याचा अधिकार धर्मराजाला होता काय, असे एखाद्या म्हातारीने विचारले की त्या दिवशीचा अध्याय बाजूला राहतो आणि मंडळीत दोन पक्ष पडतात. अर्थ सांगणारा गावातील वाटणीचा, कर्जाचा, सासुरवासाचा दृष्टांत देतो. तो दृष्टांत पोथीत नसतो. पण त्या मंडळीपुरता तो पोथीचा भाग होऊन जातो. दुसऱ्याला काय खुपले हे कळल्यावाचून आपल्याला काय समजले हे नीट कळत नाही. सहवाचनाचा खरा आनंद या परस्पर उमगण्यात आहे.

मात्र या चित्राची दुसरी बाजू झाकून ठेवणे शास्त्रीय होणार नाही. मंडळी सर्वांची नव्हती. देवळात लागलेली पोथी अस्पृश्य मानलेल्यांना देवळाच्या बाहेरूनच ऐकावी लागे. पंढरपूरचे विठ्ठलमंदिर त्यांना खुले होण्यासाठी साने गुरुजींना 1947 मध्ये उपोषण करावे लागले. स्त्रियांना ऐकण्याची मुभा असली, तरी वाचणे हा त्यांचा अधिकार सहसा मानला जात नसे. रमाबाई रानड्यांनी 1910 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या आठवणींत, लग्नानंतर शिकू लागल्यावर घरातील वडीलधाऱ्या बायकांचा रोष कसा सोसावा लागला, ते नमूद केले आहे. त्याच रमाबाई पुढे न्यायमूर्तींना वाचून दाखवीत. पुराण ऐकणारी स्त्री चालत होती. हाती पुस्तक धरणारी मात्र खटकत होती. म्हणून मुद्रणाने आणलेल्या एकांतवाचनाला केवळ दोष देणे अन्यायाचे ठरेल. ज्यांना मंडळीत जागा नव्हती, त्यांना छापील पुस्तकाने स्वतःची जागा दिली.

शिवाय मुद्रणाने सहवाचन लगेच संपविले असेही नाही. ज्ञानेश्वरी 1845 मध्ये शिळाछापावर निघाली, आणि छापील पोथ्यांनीही सुटी, आडवी पाने व ठळक अक्षर पुष्कळ काळ टिकविले. कारण त्या मांडीवर नव्हे, समोर ठेवून मोठ्याने वाचावयाच्या होत्या. 1901 च्या जनगणनेत भारतातील साक्षरांचे प्रमाण सुमारे 5 टक्केच होते. अशा काळात 'केसरी'चा अंक गावात एकाने वाचावयाचा आणि पाराभोवती बसलेल्यांनी ऐकावयाचा, हा पोथीचाच परिपाठ वृत्तपत्राला लाभला. आजही हरिनाम सप्ताहात व्यासपीठचालकाच्या मागोमाग अनेक जण ज्ञानेश्वरीचे पारायण करतात. पण तेथे सर्वांच्या हाती ग्रंथ असतो आणि सात दिवसांत तो पुरा करावयाचा असतो. त्यामुळे शंकेला अवकाश थोडा उरतो.

यातून अभ्यासकांपुढे एक कर्तव्य उभे राहते. पोथ्यांची हस्तलिखिते जपण्याचे काम 1910 मध्ये स्थापन झालेल्या भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या संस्थांनी केले. परंतु त्या पोथ्यांवर ओसरीत जे बोलले गेले, जे दृष्टांत दिले गेले, ज्या शंका निघाल्या, त्यांची नोंद फारशी कोणी ठेवली नाही. मूळ ग्रंथ हाती आहे. त्याचे ग्रहण कसे झाले हे मात्र निसटत चालले आहे. जुन्या पद्धतीने अर्थ सांगणारे वृद्ध वाचक आजही काही गावांत भेटतात. विद्यार्थ्यांनी एका चातुर्मासात एकच पोथी, एकाच मंडळीत, आरंभापासून समाप्तीपर्यंत ऐकावी आणि श्रोत्यांनी विचारलेला प्रत्येक प्रश्न टिपून घ्यावा. मराठी वाङ्मयाच्या इतिहासात लेखकांची प्रकरणे पुष्कळ आहेत. श्रोत्यांचे प्रकरण अद्याप लिहावयाचे आहे.