न लागलेल्या गोळीची जखम

रात्रीची वेळ. रस्त्यावरच्या दिव्याजवळ दोन माणसे समोरासमोर आली आहेत. एक युद्धातून परतलेला सैनिक. त्याचा चेहरा विद्रूप झाला आहे, एक हात गेला आहे. दुसरा धडधाकट दिसतो. हा दुसरा माणूस म्हणजे चित्रकार स्वतः, जर्मनीचे मॅक्स बेकमन. ‘घरी परतताना’ हे त्यांचे मुद्राचित्र १९१९ मध्ये ‘नरक’ या लिथोग्राफ संचात प्रसिद्ध झाले. अभिव्यक्तिवादी कलेतील युद्धचित्रांत त्याचे नाव आवर्जून घेतले जाते.

पहिल्या महायुद्धात बेकमन लढवय्ये नव्हते. १९१४ मध्ये ते स्वेच्छेने रुग्णसेवक झाले. पुढे बेल्जियममधील लष्करी इस्पितळांत त्यांनी जखमींची सेवा केली. शस्त्रक्रिया आणि शवागाराची चित्रे काढली. १९१५ मध्ये मात्र त्यांचे मन कोलमडले आणि त्यांना आघाडी सोडावी लागली. त्यांना एकही गोळी लागली नव्हती.

त्याच वर्षी ब्रिटिश डॉक्टर चार्ल्स मायर्स यांनी ‘लॅन्सेट’मध्ये अशा सैनिकांविषयी लिहिताना ‘शेल शॉक’ हा शब्द वापरला. तोफगोळ्यांच्या हादऱ्याने मेंदूला इजा होते, असा तेव्हाचा समज होता. पण स्फोटापासून दूर असलेल्यांनाही हाच त्रास होत होता. अखेर १९८० मध्ये अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या निदानसूचीत ‘आघातोत्तर ताण विकार’ दाखल झाला.

नाशिक जिल्ह्याचाही सैनिकांच्या मनोव्यथेशी जुना संबंध आहे. मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट पाहत ब्रिटिश सैनिक देवळालीच्या छावणीत महिनोन्महिने अडकून पडत. उकाडा, ताप आणि रिकामपण यांनी काहींचा तोल जाई. त्यावरून वेड लागलेल्याला इंग्रजीत ‘डुलॅली’ म्हणू लागले. दुखण्याला नाव मिळाले, तेही थट्टेचे!

आज थट्टेची गरज नाही. भयंकर प्रसंग पुन्हा पुन्हा डोळ्यांसमोर येणे, दचकून जागे होणे, त्या आठवणी टाळणे, सतत चिडचिड किंवा बधिरपणा अशी लक्षणे महिनाभराहून अधिक टिकली, तर मनोविकारतज्ज्ञांना दाखवावे. समुपदेशन आणि औषधांनी आराम पडतो. नामपूरसारख्या गावातून तज्ज्ञ लांब असले, तरी ‘टेलि-मानस’च्या १४४१६ या क्रमांकावर मोफत बोलता येते. हा त्रास जवानांप्रमाणेच परिचारिका, रुग्णवाहिकाचालक आणि अपघातातून वाचलेल्यांनाही होऊ शकतो.

बेकमन यांनी त्या दिव्याजवळ सैनिकासमोर स्वतःला उभे केले ते उगाच नव्हे. एकाची जखम दिसते, दुसऱ्याची विचारावी लागते.