ग्राहकाचा कॉम्प्युटर आपल्या टेबलावरून: रिमोट सपोर्टचा धंदा कसा करायचा आणि कुठे सांभाळायचं



२०१६ च्या जुलैमधली गोष्ट. गडहिंग्लजच्या एका खत-बियाणांच्या दुकानातून फोन आला, "सर, बिलं निघेनात, गिऱ्हाईक उभं आहे." कोल्हापूरहून गडहिंग्लज साठ-सत्तर किलोमीटर. रेनकोट चढवला, बाईक काढली, भिजत दोन तासांनी पोचलो. बघतो तर प्रिंटरच्या मेनूत 'यूज प्रिंटर ऑफलाइन'वर टिक पडलेली. ती काढली, दबून राहिलेली अकरा बिलं धडाधड बाहेर आली. काम दीड मिनिटाचं. तीनशे रुपये घेतले, चहा प्यायलो, परत निघालो. जाऊन-येऊन पावणेदोनशेचं पेट्रोल आणि दुपारपासूनचा सगळा दिवस गेला. आता हिशेब तुम्हीच करा.

त्या महिन्यात मी रिमोट सपोर्ट शिकलो. आज ज्यांना टॅली सपोर्ट, बिलिंग सॉफ्टवेअर, कॉम्प्युटर दुरुस्ती, जीएसटी रिटर्न असल्या कामातून स्वतःचा छोटा व्यवसाय उभा करायचाय, त्यांच्यासाठी हा लेख आहे. व्हिडिओत बटणं कुठं आहेत ते दाखवलंय. बटणांच्या पलीकडचं बरंचसं राहून गेलं होतं, ते इथं लिहितो.

हे चालतं कसं

दोन्हीकडच्या कॉम्प्युटरवर एक छोटा प्रोग्राम चालू असतो. ग्राहकाच्या प्रोग्रामवर एक नंबर दिसतो, एनीडेस्कमध्ये तो नऊ किंवा दहा आकडी असतो. तो तुम्ही तुमच्याकडे टाकता, ग्राहकाच्या स्क्रीनवर विचारणा येते, तो 'अ‍ॅक्सेप्ट' दाबतो आणि त्याची स्क्रीन तुमच्यासमोर उघडते. तुमचा माऊस तिकडे फिरतो, तुमचं टायपिंग तिकडे उमटतं.

इथं एक गोष्ट नीट समजून घ्या. तो नंबर हा नुसता पत्ता आहे. किल्ली म्हणजे ते 'अ‍ॅक्सेप्ट'. घराचा पत्ता माहीत असला म्हणून कुणी घरात शिरत नाही, दार आपण उघडतो तेव्हाच शिरतो. हे वाक्य मी प्रत्येक नव्या ग्राहकाला सांगतो, आणि का सांगतो ते पुढे येईलच.

कुठलं सॉफ्टवेअर घ्यायचं?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न. आणि त्याला लागूनच दुसरा, "सर, फ्रीवालं कुठलं?"

एनीडेस्क आणि टीमव्ह्यूअर दोन्ही जर्मन कंपन्यांची. दोन्ही फुकट मिळतात, पण घरगुती वापरासाठी. भाच्याच्या लॅपटॉपवर काहीतरी बघून द्यायचं असेल तर चालेल. ग्राहकाकडून पैसे घेऊन सपोर्ट देताय म्हणजे तो धंदा झाला, त्याला लायसन्स लागतं. असा वापर होतोय असं दिसलं की सेशन मध्येच तुटतं, वेळेची मर्यादा येते. महिन्याची वीस तारीख, ग्राहकाचं थ्री-बी भरायचं राहिलेलं, आणि तुमच्या स्क्रीनवर "व्यावसायिक वापराचा संशय". तिथं तुमची काय पत राहील? "बघू पुढं" म्हणत फुकटावर धंदा उभा करू नका, एवढंच सांगतो.

मग सुरुवातीला करायचं काय? विंडोज १० आणि ११ मध्ये 'क्विक असिस्ट' नावाचं साधन मायक्रोसॉफ्टकडूनच मिळतं. कंट्रोल, विंडोज आणि क्यू एकदम दाबलं की उघडतं. मायक्रोसॉफ्टचं खातं फक्त मदत करणाऱ्याला, म्हणजे तुम्हाला लागतं. तुम्ही कोड काढून फोनवर सांगायचा, ग्राहकाने तो टाकायचा आणि परवानगी द्यायची. म्हणजे एनीडेस्कच्या बरोबर उलट, नंबर ग्राहक देत नाही, तुम्ही देता. तोटा असा की ग्राहक समोर बसलेला नसेल तर याने काम होत नाही.

क्रोम रिमोट डेस्कटॉपला पैसे पडत नाहीत, क्रोम ब्राउझर आणि गुगल खातं असलं की झालं. त्यात बारा आकडी कोड एका वेळेपुरता तयार होतो. रस्टडेस्क हे ओपन सोर्स आहे, स्वतःचा सर्व्हर लावून चालवता येतं. पण सर्व्हर लावायचा म्हणजे तो सांभाळायचाही आला, नवशिक्याने त्यात पडू नये असं माझं मत.

काहीजण म्हणतात, विंडोजचं स्वतःचं रिमोट डेस्कटॉप आहे की! आहे, पण ते सपोर्टसाठी नाही. विंडोजच्या होम एडिशनमध्ये बाहेरून आत घेण्याची सोयच नाही, आणि प्रो असलं तरी तुम्ही आत गेलात की समोर बसलेल्या माणसाची स्क्रीन लॉक होते. ग्राहकाला आपण काय करतोय ते दिसलं पाहिजे. शिवाय त्यासाठी राऊटरवर ३३८९ हा पोर्ट उघडा ठेवून देणारे बहाद्दर मी पाहिलेत. तो रस्ता रॅन्समवेअरवाल्यांच्या चांगल्याच ओळखीचा आहे. सगळा टॅली डेटा लॉक झालेला दुकानदार एकदा बघितलात की परत कधी तो पोर्ट उघडणार नाही.

ज्या फोननंतर मी पद्धत बदलली

किराणा होलसेलवाले एक काका माझे जुने ग्राहक. नाव-गाव सांगत नाही. वय साठीच्या पुढे, पण शिकायची हौस मोठी. रिमोटचा नंबर वाचून दाखवायला त्यांना मीच शिकवलं होतं. महिन्या-दोन महिन्यांनी फोन करायचे, "सर, नंबर सांगू का?" आणि मी 'हां' म्हणायच्या आत आकडे सुरू.

२०२० मध्ये एका सकाळी त्यांना फोन आला. "सॉफ्टवेअर कंपनीच्या सपोर्टमधून बोलतोय, तुमचं लायसन्स आज संपतंय, बिलं बंद पडतील." काकांनी नेहमीसारखा नंबर वाचून दाखवला, नेहमीसारखं 'अ‍ॅक्सेप्ट' दाबलं. बँकेचं पान उघडंच होतं. मग स्क्रीन काळी झाली. "अपडेट चालू आहे, हात लावू नका, मोबाईलवर कोड येईल तो सांगा." कोड आला, सांगितला. ४८ हजार गेले. १९३० हा हेल्पलाइन नंबर तेव्हा सुरू झालेला नव्हता. पोलीस स्टेशनला जाईपर्यंत दुसरा दिवस उजाडला, पैसे मिळाले नाहीत.

काका माझ्यावर रागावले नाहीत. फक्त एवढंच म्हणाले, "तुम्हीच तर सांगितलेलं ना सर, सपोर्टवाल्याला नंबर द्यायचा म्हणून."

यावर काय उत्तर देणार? खरंच होतं ते. माझा वेळ वाचावा म्हणून मी त्यांना एक सवय लावली, आणि ती सवय दुसऱ्या कुणीतरी वापरली. त्याच्या आदल्या वर्षी, फेब्रुवारी २०१९ मध्ये, रिझर्व्ह बँकेने एनीडेस्कचा असा गैरवापर होतोय म्हणून इशारा दिला होता: मोबाईलवर अ‍ॅप घ्यायला लावायचं, नऊ आकडी कोड मागायचा, परवानग्या मिळवायच्या आणि खातं रिकामं करायचं. मी ती बातमी वाचली होती. माझ्या ग्राहकांना मात्र सांगितली नव्हती.

सॉफ्टवेअर वाईट नाही हो. समोरची स्क्रीन काळी करण्याची सोयसुद्धा चांगल्या कारणासाठीच दिलेली असते, ऑफिसच्या मशीनवर घरून काम करताना जाणाऱ्या-येणाऱ्याला दिसू नये म्हणून. पण सपोर्ट देताना आपण ती कधीच वापरायची नाही. ग्राहकाला सांगून ठेवायचं, स्क्रीन काळी झाली की समजायचं हा आमचा माणूस नाही. विचार करत बसू नका, वायफायचं बटण बंद करा, केबल उपटा, मशीन बंद करा, काय जमेल ते. पैसे गेलेच तर लगेच बँकेला आणि १९३० ला फोन. पहिल्या तासा-दोन तासांत पैसे अडवले जाण्याची शक्यता असते, नंतर ते खात्यांखात्यांतून पुढे सरकतात.

आता मी असं करतो

सेशनसाठी फोन नेहमी ग्राहकाने करायचा, आणि तोही माझ्या बिलावर छापलेल्या नंबरवर. मी स्वतःहून फोन करून "तुमचा नंबर द्या" असं कधी म्हणत नाही. अगदी काम अर्धवट राहिलं असलं तरी मेसेज टाकतो, 'वेळ मिळेल तेव्हा फोन करा'. सुरुवातीला हे वेडेपणाचं वाटलं, दोन-तीन ग्राहक वैतागलेही. पण यामुळे ओळखायची खूण एकदम सोपी झाली: समोरून फोन आला म्हणजे तो मी नाही.

जोडण्याआधी बँक, मेल, व्हॉट्सअ‍ॅप वेब सगळं बंद करायला लावतो. जोडलं की पहिलं काम डेटाचा बॅकअप. टॅली असेल तर त्याचा बॅकअप घेऊन तो कुठल्या फोल्डरला आहे ते ग्राहकाला दाखवतो. "एवढंसं तर काम आहे" म्हणून बॅकअप न घेता आत हात घातला आणि वर्षाच्या एन्ट्र्या विस्कटल्या, असं एकदा माझ्याच हातून झालंय. दोन रात्री बसून वह्यांवरून परत भरल्या, पैसे अर्थातच मागितले नाहीत.

काम करताना फोन स्पीकरवर ठेवून बोलत राहायचं. "आता मी सेटिंग उघडतोय, आता प्रिंटर बदलतोय." समोरच्याला कॉमेंट्री आवडते आणि पुढच्या वेळी निम्म्या गोष्टी तो स्वतःच करतो. (त्याने कॉल कमी होतील ही भीती मनातून काढा. असेच ग्राहक दुसरे ग्राहक आणतात.)

डिजिटल सिग्नेचरचा टोकन ग्राहकाच्याच मशीनला लागलेला असतो. त्याचा पिन त्यानेच टाकायचा. पासवर्ड, ओटीपी, पिन यातलं काहीही आपण विचारायचं नाही, टायपिंगची वेळ आली की माऊसवरून हात काढतो आणि तसं बोलूनही दाखवतो.

एक तांत्रिक अडचण नव्या मुलांना हमखास येते. काहीतरी इन्स्टॉल करायला गेलं की अचानक आपली स्क्रीन काळी होते किंवा गोठते. घाबरू नका, विंडोजने 'बदल करू द्यायचे का?' असं विचारलेलं असतं आणि ती चौकट फक्त ग्राहकाला दिसते. त्याला 'येस' दाबायला सांगायचं. तुमचा प्रोग्राम रीतसर इन्स्टॉल केलेला असेल किंवा अ‍ॅडमिन म्हणून चालवला असेल तर ही अडचण सहसा येत नाही. आणि हो, काळ्या स्क्रीनची जी गोष्ट वर सांगितली ती ग्राहकाकडची, ही आपल्याकडची, घोटाळा करू नका. नेट हळू असेल तर चित्राचा दर्जा कमी करा, वॉलपेपर काढून टाका. मोबाईलच्या हॉटस्पॉटवरही काम होतं.

ग्राहक नसताना आत जायचा कायमचा पासवर्ड? रात्रीचे बॅकअप वगैरे ज्यांच्याशी लेखी ठरलंय त्यांच्याकडेच, तोही प्रत्येकाला वेगळा, टू-फॅक्टर लावून. करार संपला की त्याच दिवशी काढायचा. बाकीच्यांकडे काम झालं की प्रोग्राम बंद. आणि डाउनलोड फक्त कंपनीच्या मूळ वेबसाइटवरून. गुगलवर शोधलं की वर जाहिरातीत नकली पानंही येतात, म्हणून लिंक मीच पाठवतो.

पैशाचं बोलूया

फोनवर काम झालं की ग्राहकाला ते फुकट वाटतं. माणूस दुकानात येऊन बसला, चहा झाला, की पाचशे द्यायला हात आखडत नाही. म्हणून दर आधीच सांगा. अर्ध्या तासापर्यंत एक ठरलेली रक्कम, पुढे तासावर, आणि नेहमीच्या ग्राहकांना वर्षाचा करार. करारात किती कॉल, कुठल्या वेळेत, हे लिहा, नाहीतर रविवारी रात्री साडेदहाला फोन येणारच.

प्रत्येक सेशनची नोंद वहीत करा: तारीख, फोन कुणी केला, सुरू कधी, बंद कधी, काय केलं, बॅकअप कुठे ठेवला. वाद झाला तर हीच वही कामाला येते. आणि पैसे घेताना आधी कनेक्शन तोडा, मग क्यूआर पाठवा. सेशन चालू असताना ग्राहकाने आपल्यासमोर बँक उघडायचीच नाही, आपल्याला पैसे द्यायलासुद्धा नाही.

रिमोटमुळे माझे निपाणीचे आणि बेळगावचेही ग्राहक झाले. "राज्याबाहेर काम केलं की लगेच जीएसटी नंबर लागतो ना?" असं बरेच विचारतात. वस्तू विकणाऱ्यांचे नियम वेगळे, पण सेवा देणाऱ्याला वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर राज्याबाहेरच्या ग्राहकासाठीही नोंदणी सक्तीची नाही. ही सूट ऑक्टोबर २०१७ पासून आहे. तरी तुमच्या सीएंना एकदा विचारून घ्या.

खालचा मेसेज मी दर तीन महिन्यांनी सगळ्या ग्राहकांना पाठवतो. हवा तर उचला, आपलं नाव घाला:

"नमस्कार. आम्ही तुम्हाला स्वतःहून फोन करून कॉम्प्युटर जोडायला कधीही सांगत नाही. जोडायचं असेल तर आमच्या बिलावरच्या नंबरवर तुम्ही फोन करा. आम्ही ओटीपी, पिन, पासवर्ड विचारत नाही. काम चालू असताना स्क्रीन काळी झाली तर लगेच इंटरनेट बंद करा आणि आम्हाला फोन करा. फसवणूक झाली असं वाटलं तर आधी बँक आणि १९३०, मग आम्ही."

होलसेलवाले काका अजून माझेच ग्राहक आहेत. मागच्या आठवड्यात मी चुकून त्यांना फोन लावला, बिलाच्या बाकीबद्दल विचारायला. त्यांनी माझं पुरतं ऐकूनसुद्धा घेतलं नाही. "थांबा, मी करतो तुम्हाला," म्हणाले आणि ठेवून दिला.