उत्तर कोठून आलें ?

इ. स. १९०६ पासून हिंदुस्थानांत एकच प्रमाण वेळ सुरू झाली. तथापि मुंबई शहरानें तिच्याहून ३९ मिनिटें मागची आपली जुनी वेळ १९५५ पर्यंत राखिली. म्हणून पनवेलहून मुंबईस गेलेल्या उतारूनें घड्याळ पाहतांना, "ही वेळ शहराची कीं देशाची ?" हें विचारणें अगत्याचें होतें.

संगणकांचेंही असेंच आहे. अनेक यंत्रांस नियम लावून देणाऱ्या 'पपेट'मध्यें 'हायरा' नांवाची सोय आहे. तींत एकट्या यंत्राचा नियम, गटाचा नियम व सर्वांचा नियम अशा पायऱ्या करितां येतात. शोध खास पायरीपासून सुरू होतो, आणि बहुधा जें प्रथम सांपडेल तेंच उत्तर ठरतें.

उत्तर चुकीचें दिसतांच घाईनें सर्वांचा नियम बदलला, तर इतर यंत्रें बिघडतात आणि खास पायरीवरील चूक तशीच राहते. त्यापूर्वीं 'पपेट लुकअप' ही आज्ञा टंकून, यंत्राचें व नियमाचें नांव देऊन 'एक्स्प्लेन' हा पर्याय जोडावा. कोणत्या पायऱ्या शोधल्या व उत्तर कोठें मिळालें, हें संगणक क्रमानें सांगतो.

आम्ही शिक्षकही एका मुलाच्या चुकीपायीं सबंध वर्गाचा नियम बदलतों, तेव्हां हाच धडा विसरतों.