नाव एक, गुण दुसरा: श्रीरामपूर परिसरातली काही नावे

‘नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा’ ही म्हण आणि ‘यथा नाम तथा गुण’ हे वचन, दोन्ही आपण सहज वापरतो. श्रीरामपूर तालुक्यात पहिल्या प्रकारची नावे बरीच भेटतात. त्यांची गंमत वाटते खरी, पण नाव आणि गुण यांची फारकत का झाली हे पाहिले की गावाचा इतिहासही कळतो.

स्टेशन बेलापूर, उतरायचे श्रीरामपूरला

दौंड-मनमाड लोहमार्ग १८७८ साली सुरू झाला. परिसरातले जुने, नावाजलेले गाव म्हणजे प्रवराकाठचे बेलापूर. रूळ त्या गावापासून काही किलोमीटरवरून गेले, तरी स्टेशनला नाव बेलापूरचेच मिळाले. स्टेशनाजवळ ‘बेलापूर रोड’ ही वस्ती वाढली आणि पुढे तिचे श्रीरामपूर झाले. स्टेशनचे नाव मात्र बेलापूरच राहिले. नवी मुंबईतही बेलापूर असल्याने नवखा प्रवासी हमखास गोंधळतो. ‘बेलापूर कंपनी’ म्हणून ओळखला जाणारा जुना साखर कारखानाही बेलापुरात नव्हता, हरेगावला होता.

निपाणी वडगावात ऊस

निपाणी म्हणजे पाणी नसलेले, असा अर्थ कोणीही लावेल. प्रवरेवरचे भंडारदरा धरण १९२६ साली पूर्ण झाले, कालव्यांचे पाणी या भागात खेळले आणि निपाणी वडगावच्या शिवारात उसासारखे तहानलेले पीक उभे राहिले. आज पाटाला आवर्तन सुटण्याची वाट पाहणाऱ्या शेतकऱ्याला हे नाव कोरडवाहू दिवसांची आठवण देते. मात्र संस्कृतात ‘निपान’ म्हणजे गुरांना पाणी पाजण्याची जागा. म्हणून केवळ नावावरून गावाचा भूतकाळ ठरवू नये.

खुर्द आणि बुद्रुक

हे शब्द फारसीतून आले. खुर्द म्हणजे लहान, बुद्रुक म्हणजे मोठे. बेलापूर खुर्द आणि बेलापूर बुद्रुक ही जवळचीच जोडी. असे नाव पडते ते त्या वेळच्या आकारमानावरून. पुढे रस्ता, बाजार किंवा पाणी जिकडे जाईल तिकडे वस्ती वाढते, आणि एखादे खुर्द आपल्या बुद्रुकाला मागेही टाकते. कागदोपत्री ते खुर्दच राहते.

दुकान ‘वाढवले’ म्हणजे बंद केले

बाजारपेठेतला जुना दुकानदार रात्री दुकान ‘बंद केले’ म्हणत नाही, ‘वाढवले’ म्हणतो. नारळ फोडला तरी ‘वाढवला’, बांगडी फुटली तरी ‘वाढली’. निघताना ‘जातो’ऐवजी ‘येतो’ म्हणायचे. अशुभ शब्द तोंडातून जाऊ नये, या काळजीपोटी भाषेने अर्थ उलटा केला आहे.

माणसांची नावे

काही आडनावे शोभून दिसतात. सांगलीचे विजय हजारे ३० कसोटी सामन्यांत २,१९२ धावा करून गेले. दगडू, धोंडू, कचरू ही नावे मात्र उलट्या वाटेने आली. आधीची मुले दगावलेल्या घरात, दृष्ट लागू नये म्हणून, लाडक्या बाळाला टाकाऊ वस्तूचे नाव देत.

‘नकुशी’ची गोष्ट वेगळी. मुलगी नको होती, हेच ते नाव सांगते. त्यात गंमत शोधण्यासारखे काही नाही. २०११ साली सातारा जिल्ह्यात अडीचशेहून अधिक नकुशींना समारंभपूर्वक नवी नावे दिली गेली, हे फार चांगले झाले.

काय जपावे, काय बदलावे

नाव विसंगत झाले, एवढ्यासाठी ते पुसू नये. निपाणी वडगाव, बेलापूर स्टेशन, खुर्द-बुद्रुक ही नावे जपावीत. शेतांची, मळ्यांची, ओढ्यांची नावे तर वयस्कर माणसांना विचारून आजच लिहून ठेवावीत, कारण त्यातली बरीच कोणत्याही नकाशात सापडणार नाहीत. जे नाव माणसाला जन्मभर कमीपणा देते, ते मात्र जुने आहे म्हणून राखण्याचे काहीच कारण नाही.