न पाहिलेल्या कामाचा ठेका



दिवाळीच्या सुट्टीत आमचा एक माजी विद्यार्थी शाळेत भेटायला आला होता. आयटीआय झाल्यापासून तो पांढुर्णा-सौसर भागात घरांची वायरिंग व विहिरीवरच्या मोटारींची कामे ठेक्याने करतो. सहा संत्रा बागांत सौरपंप बसवण्याचे काम त्याच्याकडे चालून आले होते. "सर, मोटार मला कळते, पण त्या पाट्यांना कधी हात लावला नाही. घेऊ की सोडू?" हा त्याचा प्रश्न. सौसरची अरुंद रुळांची छोटी गाडी २०१५ मध्ये बंद झाली आणि तिथे मोठी लाइन आली; तसेच प्रत्येक धंद्यात जुने जाऊन नवे येते. म्हणून हा प्रश्न उद्या आपल्यापैकी पुष्कळांना पडणार आहे.

आम्ही त्याला आधी बोरघाटाची हकिकत सांगितली. मुंबई-पुणे प्रवासात खंडाळ्याचे बोगदे तुमच्यापैकी काहींनी पाहिले असतील. मुंबई-ठाणे ही १८५३ ची पहिली लाइन बांधणाऱ्यांपैकी फॅव्हिएल या इंग्रज ठेकेदाराने या घाटाचाही ठेका घेतला. सपाटीवरच्या कामात तो मुरलेला होता, पण इथे सुमारे १६ मैलांत १,८३१ फूट चढ, कठीण काळा पत्थर आणि २५ बोगदे. सुरुंगाची दारू ठासायला माणसे दोराने कड्यावर लोंबकळत. १८५६ च्या जानेवारीत काम सुरू झाले. १८५९ च्या आरंभी मजुरीवरून मजुरांनी दंगा केला आणि त्याच वर्षी फॅव्हिएलने ठेका सोडला. आमच्या मते डोंगरापेक्षा हा मजुरीचा घोळच त्याला अधिक नडला. अनोळखी काम अंदाजापेक्षा लांबते, आणि लांबलेल्या कामाचा पहिला फटका सर्वांत खालच्या माणसाला बसतो.

पुढे सॉलोमन ट्रेडवेल विलायतेहून आला व काही आठवड्यांतच वारला. त्याची पत्नी अ‍ॅलिस हिने ठेका सोडला नाही. घाट बांधण्याचे ज्ञान आपल्यापाशी आहे असा आव न आणता तिने अ‍ॅडॅमसन व क्लाउझर या दोन जाणकारांकडे काम सोपवले. १८६१ मध्ये घाटात ४२,००० पर्यंत माणसे राबत होती. १८६३ मध्ये लाइन सुरू झाली. तरी १८६७ मध्ये घाटातला एक दगडी पूल कोसळलाच. काम ताब्यात दिले म्हणजे जबाबदारी संपली असे नसते.

आता सौरपंपाचे पाहू. विजेच्या मोटारीचे काम करताना आपण आधी मेन स्विच पाडतो. पाटीला तसा स्विच नाही. ऊन पडले की ती वीज देणारच. एका पाटीचा दाब साधारण ४० व्होल्ट, म्हणून माणूस बेफिकीर राहतो. पण १० पाट्या एकीला एक जोडल्या की तोच ४०० व्होल्ट होतो. शिवाय ही वीज एकाच दिशेने वाहते, त्यामुळे चालू जोड सुटला तर ठिणगी सहज विझत नाही. वर्षानुवर्षे मोटारी बसवलेला हातही इथे फसू शकतो. (या ठिकाणी त्याने पहिल्यांदा वही उघडली!)

त्याच्या कामात खड्डे, पाया, लोखंडी सांगाडा, पाइप व मोटार उतरवणे हे सारे ओळखीचे होते. अनोळखी भाग पाट्यांची जोडणी आणि कंट्रोलर एवढाच. ओळखीच्या भागाचा दर त्याने ठोक द्यावा, उरलेल्यासाठी माहीतगार मिस्त्री रोजाने आणावा व त्याचा खर्च अंदाजपत्रकात उघड लिहावा, असे आम्ही सुचवले. सहाही बागा एकदम न उघडता आधी एकच पंप पूर्ण करावा, तो आठ दिवस चालवून पाहावा आणि मगच बाकीच्या पाचांची तारीख द्यावी. पैसे टप्प्याटप्प्याने मागावेत, पण मजुरांचा आठवडा त्या टप्प्यांवर टांगू नये. "हे काम मी पहिल्यांदाच करतो आहे" हे बागाईतदाराला तोंडावर सांगावे, यावर मात्र तो अडला. म्हणाला, "सर, मग काम दुसऱ्याला जाईल." जाऊ शकते, हे आम्हीही नाकारले नाही.

विश्वस्त मंडळींनाही एक विनंती. शाळेत नवे यंत्र बसवताना आपण सर्वांत कमी दराचा कागद वर ठेवतो. त्या ठेकेदाराने आधी असे काम कुठे केले, हे विचारण्याची रीत आपल्याकडे अजून नाही.

मुलाने अखेर सांगून टाकले. दोन बागाईतदारांनी नकार दिला, चौघे थांबायला तयार झाले. पहिल्या पंपावर कंट्रोलर सुरूच होईना. मिस्त्रीने मीटर लावून पाहिले तेव्हा एका पाटीच्या तारा उलट जोडलेल्या सापडल्या. दोन दिवस गेले, त्या दोन दिवसांची मजुरी त्याने पदरची दिली. परवा शनिवारी दुसऱ्या बागेचे खड्डे खणून झाले.