ऑपेराचा आवाज, हॉलीवूडचा माइक आणि एका प्रश्नाची काटछाट

संशोधनाचा आराखडा लिहायला बसलं की पहिला प्रश्न बहुतेक वेळा ‘का’ने सुरू होतो. अमुक का झालं, तमुक का फसलं. त्यात वाईट काही नाही. पण अशा प्रश्नांची उत्तरं इतक्या पटकन सुचतात की ती तपासायचं राहूनच जातं. आज असाच एक प्रश्न घेऊ. माझा विषय ध्वनिशास्त्र, त्यामुळे उदाहरणही आवाजाचंच आहे. पण तुमचा विषय माती असो की मराठी कादंबरी, काटछाट साधारण अशीच करावी लागते.

प्रश्न असा: १९२६ नंतरच्या दहा वर्षांत न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराचे एकाहून एक गायक हॉलीवूडच्या पडद्यावर आले. काहींना प्रेक्षकांनी डोक्यावर घेतलं, बरेच जण दोन-चार सिनेमे करून परत गेले. असं का झालं?

तयार उत्तर कुणीही देईल. ऑपेराचे गायक अंगाने भारदस्त, अभिनय नाटकी आणि आवाज माइकला न पेलणारा, म्हणून ते चालले नाहीत. ऐकायला पटतं. पण या एका वाक्यात तीन वेगवेगळे दावे एकाच गाठोड्यात बांधलेत: दिसण्याचा, अभिनयाचा आणि आवाजाचा. गाठोडं सोडल्याशिवाय यातलं काहीच तपासता येत नाही.

आधी मूकपटांकडे एक नजर टाकू. जेराल्डिन फरार ही मेट्रोपॉलिटनची नामांकित सोप्रानो. सिसिल बी. डेमिलने १९१५ मध्ये तिला घेऊन ‘कार्मेन’ काढला. ऑपेराची गायिका, ऑपेरातली गोष्ट, आणि गाणं मात्र ऐकू येत नाही! तरी सिनेमा चालला. १९१८ मध्ये खुद्द एन्रिको कारुसो ‘माय कझिन’मध्ये आला आणि सिनेमा साफ पडला. म्हणजे माइकचा संबंधच नसताना यश आणि अपयश दोन्ही झालेली आहेत. ‘आवाज पेलला नाही’ हे कारण देताना या दोन नोंदी विसरता येत नाहीत.

आता ६ ऑगस्ट १९२६. न्यूयॉर्कच्या वॉर्नर थिएटरात ‘डॉन जुआन’च्या आधी व्हिटाफोन पद्धतीचे छोटे बोलपट दाखवले गेले. या पद्धतीत आवाज चित्रफितीवर नसायचा. तो १६ इंची तबकडीवर असायचा. तबकडी मिनिटाला ३३⅓ फेरे घ्यायची आणि सुई आतून बाहेरच्या दिशेने जायची. एका बाजूवर साधारण अकरा मिनिटं मावायची, म्हणजे फिल्मचं एक रीळ. त्या संध्याकाळी टेनर जोवान्नी मार्टिनेल्ली ‘पाल्याच्ची’मधलं प्रसिद्ध पद गायला आणि लोक थक्क झाले. नुकतीच मेट्रोपॉलिटनमध्ये पदार्पण केलेली तरुण सोप्रानो मॅरियन टॅली ‘रिगोलेत्तो’मधलं पद गायली. तिच्यावर टीका झाली, कॅमेरा इतका जवळ नेल्याबद्दलही नाकं मुरडली गेली.

तीच संध्याकाळ, तेच यंत्र, तेच प्रेक्षक. निकाल मात्र उलटे. दोन माणसांवरून नियम काढता येत नाही हे मान्य. पण असा फरक पडावा अशी अपेक्षा भौतिकशास्त्रावरून आधीच करता येते का, हे विचारता येतं. माझ्या मते इथेच प्रश्न खरा रंगतो.

ऑपेराचा गायक माइकशिवाय पन्नास-साठ वाद्यांच्या वर ऐकू कसा जातो? जोरात ओरडून नाही. तानपुऱ्याची खर्जाची तार छेडली की नीट कान दिल्यावर तिच्यात गंधारही ऐकू येतो, तो त्या तारेचा पाचवा उपस्वर. गळ्यातून निघणाऱ्या प्रत्येक स्वरात अशी उपस्वरांची शिडी असते, आणि घसा-तोंडाची पोकळी त्यातल्या काही पायऱ्या उचलून धरते, काही दाबते. स्वीडनच्या योहान सुंडबेर्ग यांनी दाखवून दिलं की शिकलेला ऑपेरागायक, विशेषतः पुरुष, स्वरयंत्र खाली ठेवून त्याच्या वरची नळी अशी आवळतो की ३००० हर्ट्झच्या आसपास ऊर्जेचा एक उंचवटा तयार होतो. याला सिंगर्स फॉर्मंट म्हणतात. ऑर्केस्ट्राची ऊर्जा सर्वांत जास्त असते ती ४५० हर्ट्झच्या जवळपास, आणि वर जाताना झपाट्याने उतरते. म्हणजे ३००० हर्ट्झपाशी मैदान जवळजवळ मोकळं. शिवाय आपला कान नेमका त्याच पट्ट्यात सर्वांत तिखट. गायक ऑर्केस्ट्राशी कुस्ती खेळत नाही, तो शेजारच्या रिकाम्या गल्लीतून निघून जातो.

सोप्रानोचं गणित वेगळं आहे. तिचा वरचा षड्ज म्हणता येईल असा ‘हाय सी’ साधारण १०४६ हर्ट्झचा. ‘ई’ या स्वराची तोंडातली पहिली अनुनाद-वारंवारता ३०० हर्ट्झच्या आसपास असते. म्हणजे गाण्याचा मूळ सूरच अनुनादाच्या कितीतरी वर निघून गेला! मग आवाज दुबळा पडू नये म्हणून गायिका जबडा उघडत जाते. जबडा उघडला की पहिला अनुनाद वर सरकतो आणि सुराला येऊन मिळतो. आवाज भरून येतो, पण ‘ई’ आणि ‘आ’ यांतला फरक पुसट होतो. उंच स्वरातले शब्द कळत नाहीत ही श्रोत्यांची जुनी तक्रार इथून येते. तो काही शिकवणीतला दोष नाही.

आता हेच माइक आणि कॅमेऱ्यासमोर ठेवून बघा. त्या काळच्या ध्वनिव्यवस्थेत ५-६ हजार हर्ट्झच्या वरचं फारसं काही उरत नसे. टेनरचा ३००० हर्ट्झचा उंचवटा या खिडकीत आरामात बसतो. तबकडीची खरखर असली तरी तो तिच्यातून वर येतो. सोप्रानोचं तसं नाही. १००० हर्ट्झच्या सुराचे उपस्वर २०००, ३०००, ४००० असे दूरदूर. खिडकीत चार-पाचच मावतात, आणि बरीचशी ताकद तर मूळ सुरातच असते. त्यात कॅमेरा फुटावर आणि जबडा सताड उघडा. थिएटरात शेवटच्या रांगेतून जे तोंड सुंदर दिसतं, ते पडद्यावर वीस फूट उंच झालं की लोकांना दाताच्या डॉक्टरची आठवण येणार. म्हणजे ‘दिसण्याचा’ दावा आणि ‘आवाजाचा’ दावा हे सोप्रानोच्या बाबतीत मुळात एकमेकांत गुंतलेले आहेत. हे मला स्वतःला फार आवडलेलं निरीक्षण आहे, पण आवडलं म्हणून ते सिद्ध झालं असं होत नाही.

फिल्मवर आवाज छापायला सुरुवात झाल्यावर दुसरी अडचण आली. वेस्टर्न इलेक्ट्रिकच्या पद्धतीत धातूच्या दोन बारीक पट्ट्यांच्या फटीतून प्रकाश फिल्मवर पडायचा. आवाजाप्रमाणे पट्ट्या थरथरायच्या आणि फट कमी-जास्त व्हायची. आवाज फार मोठा झाला की फट पूर्ण मिटायची, लहरीचा माथा कापला जायचा आणि आवाज फाटायचा. फार हळू गायलं तर फिल्मचीच खरखर वर यायची. ऑपेराची सगळी जादू तर कुजबुजीपासून गर्जनेपर्यंतच्या चढात! ध्वनिमुद्रकाकडे एकच उपाय होता, मोठ्या जागी बटण खाली ओढायचं. गायकाने जो डोंगर रचला तो यंत्राने सपाट करायचा.

आता येते ग्रेस मूर, म्हणजे संशोधकाला लॉटरी लागावी अशी नोंद. १९२८ मध्ये मेट्रोपॉलिटनमध्ये पदार्पण. १९३० मध्ये एमजीएमने तिला दोन सिनेमांत घेतलं, ‘अ लेडीज मॉरल्स’ आणि ‘न्यू मून’. जम बसला नाही आणि ती बाहेर पडली. १९३४ मध्ये कोलंबियाने ‘वन नाइट ऑफ लव्ह’ काढला आणि तो जोरात चालला. तिला ऑस्करचं नामांकन मिळालं आणि सिनेमाला संगीत आणि ध्वनिमुद्रण या दोन्हींचे ऑस्कर. त्याच वर्षी अकादमीने कोलंबियाला एक वेगळं तांत्रिक पारितोषिकही दिलं, याच सिनेमात वापरलेल्या ‘हिल अँड डेल’ ध्वनिमुद्रणाबद्दल. या पद्धतीत तबकडीवरची सुई डावी-उजवीकडे न हलता खाली-वर हलते. बाजूला हलणारी खाच मोठ्या आवाजात शेजारच्या खाचेवर जाऊन आदळू शकते. खाली-वर हलणारीला ती भीती नाही. त्यामुळे खरखर कमी, वरच्या वारंवारता जास्त आणि आवाजाच्या चढ-उताराला जागा मोकळी.

गायिका तीच. चार वर्षांपूर्वी अपयश, आता यश. मध्ये बदललं ते ध्वनिमुद्रण. झालं की उत्तर!

थांबा जरा. मध्ये बदललेल्या गोष्टी मोजून बघा. १९२९-३० मध्ये स्टुडिओंनी संगीतपटांचा इतका मारा केला की प्रेक्षक विटले, १९३१ मध्ये त्यांची संख्या एकदम घसरली. १९३३ च्या ‘फॉर्टी-सेकंड स्ट्रीट’ने वारं पुन्हा फिरवलं. मूर स्वतः १९३२ मध्ये ब्रॉडवेवर ‘द दुबारी’ करून नाटकातली कमाई घेऊन आली होती. गाणं आधी मुद्रित करून कॅमेऱ्यासमोर नुसते ओठ हलवायची प्लेबॅकची रीत आता रुळली होती, म्हणजे जबड्याचा प्रश्नही हलका झाला. गोष्टही वेगळी: नवीन सिनेमात ती गाणं शिकणारी मुलगी आहे, कडक गुरू आहे, शेवटी मेट्रोपॉलिटनचा मंच आहे. गाण्याला कथेत कारण मिळालं. एकाच वेळी पाच-सहा गोष्टी बदलल्या असतील तर श्रेय एकीलाच देता येत नाही. प्रयोगशाळेत आपण एक घटक बदलतो आणि बाकीचे धरून ठेवतो. इतिहास तसं करू देत नाही.

म्हणून उलटं उदाहरण शोधायचं. ते आहे लॉरेन्स टिबेट, मेट्रोपॉलिटनचा बॅरिटोन. त्याचा ‘द रोग साँग’ आला १९३० मध्ये, म्हणजे तंत्र कच्चं असताना, आणि त्यासाठी त्याला सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचं ऑस्कर नामांकन मिळालं. ‘न्यू मून’मध्ये मूरच्या समोर नायक तोच होता! आणि १९३५ मध्ये, तंत्र सुधारल्यावर, ऑपेराच्याच पार्श्वभूमीवरचा त्याचा ‘मेट्रोपॉलिटन’ तिकीटबारीवर अपेक्षेइतका चालला नाही. १९३६ च्या ‘अंडर युअर स्पेल’नंतर त्याची सिनेमातली वाटचाल संपली. ‘चांगलं ध्वनिमुद्रण म्हणून यश’ हे टिबेटला लागू होत नाही. ‘कथेत गाण्याला कारण मिळालं म्हणून यश’ हेही नाही, कारण ‘मेट्रोपॉलिटन’मध्ये ते कारण होतंच. एका टिबेटने दोन सुंदर सिद्धान्त आडवे केले.

मूरच्या यशानंतर स्टुडिओंनी काय केलं तेही बघण्यासारखं आहे. आरकेओने लिली पॉन्सला आणलं, पॅरामाउंटने ग्लॅडिस स्वॉर्थआउटला, फॉक्सने निनो मार्टिनीला. सगळे १९३५-३६ च्या आसपास. कुणीच मूरइतकं चाललं नाही. त्याच वेळी लोकांनी डोक्यावर घेतलं ते जेनेट मॅकडोनल्ड आणि नेल्सन एडी यांना, ‘नॉटी मॅरिएटा’त. एडी थोडाफार ऑपेरा गायलेला, मॅकडोनल्ड तर तेव्हा ब्रॉडवेवरून आलेली, हलक्या आवाजाची. आणि या सिनेमालाही ध्वनिमुद्रणाचं ऑस्कर! म्हणजे सुधारलेल्या यंत्राचा फायदा फक्त ऑपेराच्या गायकांना झाला नाही, सगळ्यांनाच झाला. मग तो त्यांच्यातला फरक समजावून सांगू शकत नाही.

अशा ठिकाणी आल्यावर बरेच विद्यार्थी ‘अनेक घटक कारणीभूत होते’ असं लिहून मोकळे होतात. ते खरंही असतं आणि निरुपयोगीही. त्यापेक्षा प्रश्न कापायचा. ‘यश का मिळालं’ हे सोडून द्यायचं, कारण तिकीटबारी मोजताना लोकांची चव, मंदी, जाहिरात सगळं आत येतं. मी प्रश्न असा लिहीन: १९३० आणि १९३४ च्या ध्वनिमुद्रणांत ग्रेस मूरच्या आवाजाच्या सर्वांत हळू आणि सर्वांत मोठ्या जागांमध्ये किती अंतर उरलं आहे, आणि टिबेटच्या १९३० च्या आवाजात ३००० हर्ट्झचा उंचवटा किती शाबूत आहे? हे मोजता येतं. उत्तर ‘काहीच फरक नाही’ असंही येऊ शकतं, म्हणून तो प्रश्न विचारण्यालायक आहे.

अडचण सामग्रीची आहे. ‘द रोग साँग’ सिनेमा म्हणून जवळजवळ हरवला आहे, थोडे तुकडेच शिल्लक आहेत. पण त्याच्या आवाजाच्या तबकड्या टिकल्या, त्यामुळे टिबेट दिसत नसला तरी ऐकू येतो. मूरच्या सिनेमांचं उलट: आपल्या हाती येते ती बहुधा पुढे कधीतरी साफ केलेली प्रत, आणि खरखर काढताना वरच्या वारंवारताही छाटल्या गेलेल्या असू शकतात. अशी प्रत मोजली तर १९३४ चा माइक मोजला की नंतरच्या एखाद्या तंत्रज्ञाचं फिल्टर, हे सांगता येणार नाही. म्हणून मोजणीच्या आधी एक कंटाळवाणं काम करावं लागेल: प्रत्येक प्रतीचा प्रवास शोधायचा, मूळ तबकडीपासून संगणकातल्या फाइलपर्यंत, आणि ज्या प्रतीचा प्रवास माहीत नाही ती यादीतून काढून टाकायची. मी यादी करायला घेतली आहे. सध्या तिच्यात काढून टाकलेल्या प्रती जास्त आहेत.